बाबांची वही आणि गाडीची थरथर

पहिला दिवस : पुणे ते कोल्हापूर

माझी आत्या वेंगुर्ल्याजवळ राहते. वय ८१, तब्येत ठणठणीत, पण गेल्या पावसाळ्यापासून फोनवर तिचं एकच पालुपद, "बाबल्या, येऊन जा रे एकदा." बाबल्या म्हणजे माझे बाबा, तेही आता ७४ चे. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात मला सुट्टी मिळाली आणि आम्ही दोघांनीच जायचं ठरवलं. प्रश्न होता तो गाडीचा.

आमची डिझेल एसयूव्ही आठ वर्षांची, ९६ हजार किलोमीटर झालेली. दोन महिन्यांपासून तिचा पुढचा भाग थरथरत होता. कधी स्टेअरिंग हातात नाचायचं, कधी पायाखालचा पत्रा कापायचा. घराजवळच्या एका दुकानात दोनदा अलाइनमेंट (चाकांचे कोन जुळवणं) करून घेतली होती. दोन्ही वेळा "आता बघा, एकदम मख्खन" असं ऐकलं आणि दोन्ही वेळा हायवेला लागल्यावर थरथर हजर.

बाबा एसटीच्या दापोडी वर्कशॉपमध्ये आयुष्यभर फिटर होते. त्यांनी मला एकच विचारलं, "कधी थरथरते?"

"सारखीच."

"सारखी कुठलीच गाडी थरथरत नाही, बाय. कधी, ते सांग."

मला सांगता येईना. मग त्यांनी कपाटातून एक शंभर पानी वही काढली आणि चार रकाने आखले : वेग, गिअर, पाय कुठे होता, कुठे जाणवलं. म्हणाले, "तू फक्त चालव. लिहायचं काम माझं."

निघायच्या आदल्या संध्याकाळी त्यांनी सोसायटीच्या पार्किंगमध्ये पुढची दोन्ही चाकं जॅकवर घेतली. चाक वर-खाली धरून हलवलं, मग डावी-उजवीकडून धरून हलवलं. वर-खाली खेळ लागला तर बहुतेक बेअरिंग किंवा बॉल जॉइंट (चाकाला सस्पेन्शनशी जोडणारा सांधा), आडवा लागला तर टाय रॉड, म्हणजे स्टेअरिंगकडून चाकापर्यंत येणारा दांडा. दोन्हीकडे खेळ नव्हता. मग टायरवरून पूर्ण गोल तळहात फिरवला, कुठे फुगवटा लागतो का बघायला. टायरच्या आतल्या तारांचा थर सुटला की तिथे उंचवटा येतो आणि तो टायर कधीही फुटू शकतो. तसंही काही नव्हतं. नट सगळे घट्ट. एवढं बघून झाल्यावरच ते म्हणाले, "चला, जाऊ." थरथरणारी गाडी घेऊन कुणी लांब निघणार असेल तर एवढ्या चार गोष्टी बघितल्याशिवाय निघू नये. यातलं काहीही सापडलं तर आधी दुरुस्ती, मग प्रवास.

सकाळी सहाला निघालो. खंबाटकीच्या चढावर उसाचा ट्रॅक्टर आडवा आला, वेग मोडला. ट्रॅक्टर बाजूला झाल्यावर तिसऱ्या गिअरमध्ये ४५ च्या आसपास पाय दाबला आणि गाडीचं नाक अक्षरशः डावी-उजवीकडे डुलायला लागलं. स्टेअरिंग मात्र फारसं हलत नव्हतं.

"पाय काढ," बाबा म्हणाले. काढला, डुलणं बंद.

"परत दे." दिला, परत सुरू.

त्यांनी वहीत लिहिलं. मला वाटलं, झालं, सापडलं. पण साताऱ्याच्या पुढे मोकळा रस्ता मिळाला तेव्हा वेगळंच नाटक. ८० ला स्टेअरिंग कुरकुरायला लागलं, ९० ला चांगलं नाचलं, १०५ च्या पुढे पुन्हा निवळलं. या वेळी ॲक्सिलरेटरवरून पाय काढला तरी फरक नाही. मागे-पुढे कुणी नाही बघून गिअर न्यूट्रल केला, इंजिन चालूच ठेवून. तरी फरक नाही. हलका ब्रेक दाबला, त्यानंही वाढलं नाही.

(ही चाचणी सपाट, सरळ, रिकाम्या रस्त्यावरच करावी. इंजिन बंद करू नये, कारण त्याबरोबर स्टेअरिंग जड होतं आणि ब्रेकची मदतही जाते. घाट उतरताना न्यूट्रल तर अजिबात नको.)

कराडच्या अलीकडे चहाला थांबलो. बाबांनी वही माझ्यापुढे ठेवली. "बघ. दोन वेगळे आजार आहेत. तू दोघांना मिळून एकच नाव देत होतीस."

ते वाक्य ऐकलं आणि दोन महिने मी कुठे चुकत होते ते कळलं. एक थरथर वेगाला बांधलेली होती. पाय कुठेही असो, ९० आला की ती येणार. म्हणजे जे काही चाकाबरोबर फिरतं, तिथेच दोष. दुसरी ताकदीला बांधलेली. इंजिन चाकांना ओढतंय तेवढ्यापुरतीच ती येणार. म्हणजे गिअरबॉक्सपासून चाकापर्यंतच्या वाटेत काहीतरी. इंजिन ज्या रबरी आधारांवर बसतं त्या माउंटिंगवर माझा संशय होता, म्हणून टपरीसमोर उभ्या गाडीत न्यूट्रलमध्ये अडीच हजारांपर्यंत रेस केली. काहीच हललं नाही. बाबा म्हणाले, एवढ्यानं माउंटिंग निर्दोष ठरत नाही, पण यादीत खाली गेलं.

कोल्हापुरात शिरायच्या आधी हायवेवरच एक टायरचं दुकान दिसलं. बाविशीतला एक मुलगा मशीनवर, गल्ल्यावर त्याची आई. मुलानं पुढचं डावं चाक उतरवलं, उलटं केलं आणि बोट दाखवलं.

"ताई, वजनं गेलीत की ह्याची."

रिमच्या आतल्या बाजूला दोन चौकोनी डाग होते, करडे, कडेला वाळलेला गोंद. मध्ये धातू स्वच्छ चकचकीत. चाकाचा तोल साधायला तिथे चिकटवलेली शिशासारखी वजनं कधीतरी निघून गेली होती. डागांच्या भोवती पावसाळ्यातला लाल चिखल अजून धरून बसलेला. म्हणजे आधी ज्यानं कुणी वजनं लावली, त्यानं रिम न पुसताच लावली असणार. मशीननं आतल्या बाजूला ४० ग्रॅमचा फरक दाखवला.

मला ४० ग्रॅम ऐकून पटेना. पाऊण टनाच्या आसपास भार पेलणारी पुढची बाजू एवढ्याशानं कशी हलेल? रात्री हॉटेलात बसून बाबांनी हिशोब मांडला. आमच्या टायरचा घेर साधारण सव्वादोन मीटरच्या किंचित आत. ९० च्या वेगाला गाडी सेकंदाला २५ मीटर जाते, म्हणजे चाक सेकंदाला साडेअकरा फेरे घेतं. एवढ्या फिरण्यात रिमच्या कडेचे ४० ग्रॅम बाहेरच्या दिशेला सुमारे साडेचार किलोइतका जोर लावतात. सेकंदाला साडेअकरा वेळा साडेचार किलोचा ठोसा. आणि हा जोर वेगाच्या वर्गानं वाढतो, म्हणून ४५ ला तो जेमतेम एक किलो उरतो आणि जाणवत नाही. १०५ ला जोर अजून वाढतो, तरी थरथर कमी का? तर सस्पेन्शनची स्वतःची एक लय असते. फेऱ्यांची लय तिच्याशी जुळली की गाडी नाचते, पुढे गेली की सुटते. झोपाळ्याला नेमक्या वेळी धक्का द्यावा तसं.

त्या मुलानं पेट्रोलच्या फडक्यानं रिम घासली, कोरडी केली, मग वजनं दाबून बसवली. पुन्हा फिरवून दोन्हीकडे शून्य येईपर्यंत सोडलं नाही. रिम वाकडी नाही ना, तेही चाक फिरताना कडेवर नजर ठेवून बघितलं. नट आधी हातानं, मग समोरासमोरचे एकाआड एक आवळले. बाबा शेजारी उभे राहून बघत होते, एक शब्द बोलले नाहीत. वर्कशॉपमध्ये चांगलं काम दिसलं की ते असेच गप्प व्हायचे, असं आई सांगायची.

अलाइनमेंटबद्दल त्या मुलानंच सांगितलं, "त्यानं गाडी एका बाजूला ओढायची थांबती, टायर सारखा झिजतोय. थरथर त्यानं जात न्हाई." दोन महिने हे मला कुणी सांगितलं नव्हतं. चारही चाकांचे मिळून ५०० रुपये झाले. त्याच्या आईनं बाबांना खुर्ची आणि आम्हाला दोघांना चहा दिला, तो वेगळाच.

हायवेवर एक फेरी मारली. ९५ ला स्टेअरिंग दोन बोटांत स्थिर. रात्री पांढरा रस्सा चार वाट्या प्यायले. थंडी मस्त पडली होती.

दुसरा दिवस : कोल्हापूर ते सावंतवाडी

संकेश्वरवरून गडहिंग्लज, आजरा, आंबोली असा रस्ता धरला. आजऱ्याला घनसाळ तांदूळ घ्यायचा होता. बाजारपेठेत एका बाईंनी पोत्यात हात घालून मूठभर तांदूळ माझ्या ओंजळीत ठेवला, "वास घ्या आधी." दाणा लांब नाही, पण वास असा की ओंजळ सोडवेना. पाच किलो घेतला. शिजवताना घर भरून जातं, आणि यावर भाजीबिजीची गरज नाही, नुसतं तूप-मीठ पुरे. आजऱ्यावरून जाणाऱ्यांनी हा तांदूळ घेतल्याशिवाय पुढे जाऊ नये असं माझं मत आहे.

पुढे जंगल सुरू झालं, रस्ता चढायला लागला आणि कालची दुसरी थरथर परत आली. तीच, नाक डुलवणारी. तिसरा गिअर, ४० ते ६०, पाय दाबला की येते, काढला की जाते. चाकं आता शून्यावर आली होती, त्यामुळे ती अधिकच स्पष्ट कळत होती. बाबांनी तळहात डॅशबोर्डवर पालथा ठेवला, डोळे मिटले आणि काही बोलेनात. मग म्हणाले, "ही चाकाच्या फेऱ्यापेक्षा जलद आहे. एका फेऱ्यात एकदा नाही, जास्त वेळा मारते." हे हातानं कळतं, हे मला पटायला सावंतवाडीपर्यंत जावं लागलं.

आंबोलीला दुपारी दोनला धुकं. डिसेंबरात मी धुक्याची तयारी ठेवली नव्हती, समुद्रसपाटीपासून सातशे मीटरच्या आसपासचं गाव, तरी वाटलं ऊन असेल. एका झोपडीवजा हॉटेलात कांदाभजी आणि आल्याचा चहा घेतला. हॉटेलवाल्या काकांनी बाबांचा उच्चार ऐकून लगेच विचारलं, "खयचे तुमी?" आणि पुढची वीस मिनिटं त्या दोघांनी वेंगुर्ल्यातली कुठली कुठली घरं आणि माणसं शोधून काढली. मी धुकं बघत बसले. पावसाळ्यात इथे धबधब्यापाशी पाय ठेवायला जागा नसते. डिसेंबरात रस्ता आपला, जंगल आपलं.

सावंतवाडीच्या बाजूची उतरण म्हणजे आमची पुढची चाचणी. ब्रेक डिस्क जाडीला कमी-जास्त झिजली असेल तर ब्रेक दाबल्यावर स्टेअरिंग मागे-पुढे कापतं आणि पेडलही पायाखाली धडधडतं. घाटात डिस्क तापल्यावर ते जास्तच जाणवतं. दुसऱ्या गिअरमध्ये उतरत होते, वळणाआधी नेमका ब्रेक. पेडल शांत, स्टेअरिंग शांत. बाबांनी वहीत 'डिस्क' लिहून त्यावर काट मारली. काही दिवसांपूर्वी पुण्यात मला दोन्ही डिस्क बदलायचा खर्च सांगण्यात आला होता, तो या एका उतरणीनं वाचला.

संध्याकाळी मोती तलावाच्या कट्ट्यावर बसलो. पाण्यात राजवाड्याच्या बाजूचे दिवे. खाली उतरल्यामुळे स्वेटर काढावा लागला.

तिसरा दिवस : सावंतवाडी

लॉजच्या मालकांनी गॅरेज सांगितलं. गॅरेज म्हणजे फणसाच्या झाडाखाली पत्र्याची शेड, आत दोन गाड्या आणि चाळिशीतला मेकॅनिक. त्यांनी हात पुसले, पहिला प्रश्न केला तो असा :

"चडताना थरथरता? आणि पाय काढलो काय बंद?"

बाबांनी मान डोलावली आणि वही पुढे केली. त्यांनी ती खरंच वाचली. पान उलटून मागचंही वाचलं. मग म्हणाले, "तर मग चाकार आणखी पैसे घालू नकात. वायच चढावार जाऊन येऊया."

दाणोलीच्या पुढपर्यंत गेलो. मी चालवत होते, ते शेजारी. चढावर पाय दाबला, नाक डुललं, त्यांनी मला वळायला सांगितलं. येताना मोकळ्या मैदानात स्टेअरिंग पूर्ण वळवून हळू गोल फेरी मारायला लावली, आधी डावीकडून मग उजवीकडून. चाकाला ताकद नेणाऱ्या दांड्याचा चाकाजवळचा, बाहेरचा जॉइंट गेलेला असेल तर अशा वेळी कट-कट-कट आवाज येतो. आला नाही. सरळ रस्त्यावर गुणगुण वाढते का, वळताना आवाज बदलतो का, तेही ऐकलं, ती बेअरिंगची खूण. तीही नव्हती.

शेडमध्ये येऊन गाडी वर घेतली. टॉर्च मारला आणि मला वाकून बघायला सांगितलं. पुढच्या दोन्ही चाकांना इंजिनाची ताकद नेणारे दोन दांडे असतात, इकडे सगळे त्याला ॲक्सलच म्हणतात. डाव्या ॲक्सलच्या गिअरबॉक्सकडच्या टोकाला रबरी बूट होता, जॉइंटचं ग्रीस आत धरून ठेवणारं आवरण. त्याचा क्लॅम्प सरकलेला, रबराला बारीक चीर. आणि त्याच्याच समोर, गिअरबॉक्सच्या अंगावर, काळ्या ग्रीसची एक कमान उमटलेली. फिरता फिरता ग्रीस बाहेर फेकलं गेलं आणि बरोबर कमानीत चिकटलं. आठ वर्षं ही गाडी धुऊन घेते आहे, पण तिच्याखाली मी कधी वाकले नव्हते.

"आतलो जॉइंट गेलो. थांबा, काढून दाखवतंय."

ॲक्सल बाहेर यायला तासभर लागला. आतलं टोक उघडून त्यांनी ते डिझेलमध्ये धुतलं आणि माझ्या हातात दिलं. तीन बाहू, प्रत्येकावर एक गोल रोलर, आणि ते ज्यात बसतात त्या वाटीत तीन उभ्या खाचा. "नख फिरवा." मी खाचेच्या भिंतीवरून नख फिरवलं. मध्यावर ते अडकलं. रोलरनं ग्रीसशिवाय घासून घासून तिथे स्वतःपुरता खळगा केला होता. चढावर ताकद लागली की रोलर भिंतीवर दाबला जायचा, खळग्यात अडखळायचा, आणि ॲक्सलला बाजूला ढकलायचा. तीन रोलर, म्हणून चाकाच्या एका फेऱ्यात तीन धक्के. मी बाबांकडे बघितलं. त्यांनी काल हातानं ओळखलं होतं ते हेच.

नुसतं ग्रीस भरून बूट बदलला तर? मी विचारलंच. खाच गुळगुळीत असती तर तेवढ्यावर भागलं असतं, म्हणाले. चीर लवकर सापडली तर खर्च काही शेकड्यांत असतो. खळगा पडल्यावर नाही. पूर्ण ॲक्सल कोल्हापूरहून मागवायचा ठरला, रात्रीच्या एसटीनं पार्सल येणार. एसटीचं नाव निघाल्यावर बाबांचा चेहरा उजळला, त्यांनी स्वतःहून सांगितलं की पार्सल ते आणायला जातील.

दुपार मोकळी मिळाली. घावणे आणि नारळाचा गोड रस, मग काळ्या वाटाण्याचं सांबारं आणि आंबोळी, असं उलट्या क्रमानं जेवलो, कारण खानावळीत घावणे आधी तयार होते. मग राजवाड्यात गंजिफा बघायला गेलो. गोल पत्ते, दशावताराच्या संचात १२० असतात, दहा अवतारांचे प्रत्येकी बारा. ही कला बंद पडत आली होती, ती सावंतवाडीच्या राजघराण्यानं, विशेषतः सत्वशीलादेवी भोंसले यांनी, कलाकारांना हाताशी धरून जगवली. एक कलाकार नखाएवढ्या जागेत मत्स्यावताराचे खवले काढत होते. श्वास रोखून ब्रश टेकवायचा, उचलायचा, मग श्वास. आम्ही दाराशीच उभे राहिलो, जमिनीला आपल्या पावलांचा धक्का लागेल म्हणून.

पण त्या दिवसाचं खरं देणं चितार आळीजवळच्या एका लहान कारखान्यात मिळालं. लाकडी खेळण्यांची दुकानं बघत हिंडत होतो, मागच्या बाजूला लेथचा आवाज आला आणि बाबा थेट आत. एक आजोबा लाकडाचा ठोकळा लेथवर चढवत होते. चालू केला तर सगळं बाकडं थडथडायला लागलं, शेल्फवरचे रंगाचे डबे वाजायला लागले. त्यांनी लगेच बंद केला. ठोकळ्याच्या एका कडेला लाकडी हातोडीनं दोन हलक्या टिचक्या मारल्या, हातानं फिरवून बघितलं, आणखी एक टिचकी. परत चालू केला. या वेळी ठोकळा फिरतोय की उभा आहे हे कळेना इतका शांत. मग पटाशी टेकली, पांढुरके कागदी छिलके निघायला लागले आणि दहा मिनिटांत भोवरा तयार झाला. लाखेची लाल कांडी फिरत्या लाकडावर टेकवली, घर्षणाची ऊब लागून रंग वितळला आणि गोल फिरत बसला.

बाबांनी विचारलं, "मध्य कसा कळतो?"

आजोबा म्हणाले, "तोच सांगता. धडधडलो काय समजायचा, खयतरी जड आसा."

भोवरा आम्ही विकत घेतला. बाबांनी तो लॉजच्या टाइल्सवर फिरवून बघितला, बराच वेळ एका जागी उभा राहिला.

चौथा दिवस : सावंतवाडी ते वेंगुर्ला

बाबा पहाटे डेपोत जाऊन ॲक्सल घेऊन आले, रिक्षात मांडीवर ठेवून. साडेदहापर्यंत काम संपलं. ज्यांना हे काम करून घ्यायचं असेल त्यांनी तीन गोष्टी बघाव्यात. ॲक्सल उपसताना गिअरबॉक्समधलं थोडं ऑइल सांडतं, ते पातळीपर्यंत परत भरलं पाहिजे. तिथलं ऑइल सील त्याच वेळी नवीन टाकावं, किंमत किरकोळ असते आणि नंतर तेवढ्यासाठी सगळं परत उघडावं लागतं. आणि चाकाच्या मधला मोठा नट नवीन घेऊन मॅन्युअलमध्ये दिलेल्या टॉर्कला, म्हणजे नेमक्या तेवढ्याच जोरानं, आवळायचा, अंदाजानं नाही. आमच्या मेकॅनिककडे टॉर्क पाना होता, आवळून झाल्यावर तो नट त्यांनी ठोकून जागीच बंद केला. पार्ट साडेआठ हजार, मजुरी बाराशे. मजुरी देताना मी थोडे जास्त पुढे केले, त्यांनी मोजून परत दिले आणि बाबांची वही मागितली. त्यांच्या मुलाला रकाने कसे आखलेत ते दाखवायचे होते. मुलानं मोबाइलवर फोटो काढला.

वेंगुर्ल्यापर्यंतचा रस्ता सपाट, काजूच्या बागांमधून. काजूला मोहोर यायला लागला होता. वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्रानं काढलेल्या काजूच्या जाती, वेंगुर्ला-४, वेंगुर्ला-७ अशा, इथल्या माणसांच्या तोंडी घरच्या गाईंच्या नावांसारख्या असतात.

आत्या पडवीत उभीच होती. "काय गो चेडवा, ह्या बापसाक घेवन एकटीच गाडी चालवत इलंस?" आणि मग बाबांना जवळ घेऊन ती रडली, बाबाही. जेवायला उकड्या तांदळाचा भात, तिरफळं घातलेलं बांगड्याचं तिखलं, सोलकढी. तिरफळाचा तो जिभेला मुंग्या आणणारा वास पुण्यात कितीही प्रयत्न केला तरी येत नाही. संध्याकाळी बंदराच्या धक्क्यावर गेलो, होड्या परतत होत्या, वारा खारट आणि ऊबदार.

पाचवा दिवस : वेंगुर्ला

काही केलं नाही. आत्याबरोबर पेज खाल्ली, विहिरीवर बसलो, घनसाळाचा भात लावला तेव्हा शेजारच्या दोघीजणी वास घेत आल्या. बाबांनी आत्याला भोवरा फिरवून दाखवला. दुपारी त्यांनी वहीची राहिलेली पानं फाडून नाही टाकली, आत्यानं तिच्या औषधांच्या वेळा त्यात लिहून मागितल्या, म्हणून वही आता तिच्याकडेच आहे. आमच्या नोंदींची चार पानं तेवढी त्यांनी सोडवून घेतली.

सहावा दिवस : वेंगुर्ला ते पुणे, फोंडा घाटानं

परतताना मुद्दाम फोंडा घाट निवडला. कुडाळ, कणकवली, फोंडा, वर दाजीपूर, मग राधानगरीवरून कोल्हापूर. डिकीत दोन नारळाची पोती, कोकम, आत्यानं दिलेलं लोणचं, म्हणजे गाडी येताना होती त्यापेक्षा जड. चढावर रिकाम्या गाडीपेक्षा भरलेली गाडीच खरं काय ते दाखवते. दुरुस्ती झाल्यावर ज्या परिस्थितीत त्रास व्हायचा, नेमक्या त्याच परिस्थितीत गाडी नेऊन बघावी. आमच्यासाठी ती म्हणजे चढ, तिसरा गिअर, ४५, पाय दाबलेला.

घाट सुरू झाला तसा बाबांनी तळहात डॅशबोर्डवर पालथा ठेवला. ट्रकच्या मागे मी वेग पडू दिला, मग बाजू मिळाल्यावर पाय दाबला. इंजिनाचा आवाज वाढला, गाडी सरळ वर चढत गेली. पुढच्या वळणावर परत तसंच, त्याच्या पुढच्या वळणावरही. जंगल दाट झालं, काचेवर थंडी आली, एका वळणावर रस्त्यालगत गव्यांचा कळप उभा होता, पाच मोठे आणि एक वासरू. मी गाडी थांबवून इंजिन बंद केलं. ते आपल्या वेळेनं झाडीत गेले. मग परत पहिल्या गिअरपासून चढायला सुरुवात, भर चढावर. काही नाही.

दाजीपूरची पाटी दिसली तेव्हा बाबांनी हात काढला, खिशातून ती चार पानं काढली आणि पेन मागितलं.

"काय लिहिताय?"

"फोंडा घाट, भरलेली गाडी, तिसरा, पंचेचाळीस." मग थोडं थांबून त्यांनी शेवटच्या रकान्यात एक आडवी रेघ मारली. "पुढे चहाला थांब."